शेतातले जिराफ, वाळवंटातले ॲडॅक्स

नायजर देशाच्या उत्तर भागात, सहारा वाळवंटात आयर पर्वताच्या पायथ्याशी दाबूस नावाची जागा आहे. तिथल्या एका खडकावर दोन जिराफ कोरलेले आहेत. मोठा पाच मीटरहून उंच, म्हणजे जवळपास खऱ्या जिराफाच्या मापाचा. कोरणाऱ्यांनी त्याच्या अंगावरचे ठिपकेही एकेक करून काढलेत. ही शिल्पं काही हजार वर्षांपूर्वीची आहेत. आज जिथे नजर जाईल तिथे दगड आणि वाळू आहे, तिथे त्या काळी गवत आणि पाणी होतं. आपल्या कोकणातल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांत आज तिथे नसलेला गेंडा दिसतो, तशातलाच हा प्रकार. प्राणी गेला, दगडावरची रेघ राहिली.

पण नायजरमधून जिराफ पुरता गेला नाही. तो दक्षिणेला सरकत सरकत एका फारच अनपेक्षित जागी येऊन थांबला: लोकांच्या शेतात.

आधी देशाची ओळख करून घेऊ, कारण नायजर आणि नायजेरिया यांत आपली हमखास गल्लत होते. नायजर हा नायजेरियाचा उत्तरेकडचा शेजारी. आकाराने महाराष्ट्राच्या चौपट, पण बहुतेक भाग वाळवंट. माणसं राहतात ती मुख्यतः दक्षिणेच्या पट्ट्यात, ज्याला साहेल म्हणतात. पाऊस तीन-चार महिन्यांचा, राजधानी नियामेच्या आसपास वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. शेतात बाजरी आणि त्यात आंतरपीक चवळी. हे वाचून माणदेश आठवला तर नवल नाही, आणि त्यात एक खरा धागाही आहे. आपण जिला आपली म्हणतो ती बाजरी मुळात याच साहेलच्या पट्ट्यात माणसाळली आणि हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. चवळीचं माहेरही आफ्रिकाच.

या देशातल्या दोन प्राण्यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली, की वन्यजीव संवर्धनाबद्दलची आपली एक पक्की समजूत डळमळते. प्राणी वाचवायचा तर जागा राखीव करायची, माणसं लांब ठेवायची, असं आपण धरून चालतो. नायजरमध्ये ज्या प्राण्याला राष्ट्रीय उद्यान मिळालं नाही, तो ४९ वरून ६०० च्या पुढे गेला. ज्याच्यासाठी जवळपास एक लाख चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, तो काही वर्षांत शोधूनही सापडेनासा झाला.

पहिला अर्थातच जिराफ. पश्चिम आफ्रिकेचा जिराफ ही वेगळी उपजात आहे. अंगाचा रंग फिका, ठिपके मातकट, आणि गुडघ्याखाली पाय स्वच्छ पांढरे, जणू मोजे घातलेत. एके काळी तो पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला चाड सरोवराच्या दिशेपर्यंत पसरलेला होता. मांसासाठी आणि कातड्यासाठी शिकार, शेतीसाठी तोडलेली झाडी, त्यावर १९७० आणि ८० च्या दशकांतले भीषण दुष्काळ, असं करत करत एकेका देशातून तो नाहीसा झाला. १९९६ साली जगात या उपजातीचे फक्त ४९ जिराफ उरले होते. सगळे नायजरमध्ये, नियामेपासून साठेक किलोमीटरवरच्या कुरे गावाच्या परिसरात.

मग निदान प्राणिसंग्रहालयांत तरी असतील? युरोपातल्या काही संग्रहालयांत 'पश्चिम आफ्रिकेचा जिराफ' अशी पाटी लावलेले जिराफ होतेच. २००७ साली फ्रेंच संशोधकांनी त्यांचा डीएनए तपासला, तेव्हा ते मध्य आफ्रिकेतल्या दुसऱ्याच उपजातीचे निघाले. म्हणजे कुरेच्या शेतांत जे फिरत होते, तेवढेच शिल्लक होते. बाहेर राखीव साठा काहीही नव्हता.

आता कुरेची जमीन समजून घ्यायला हवी, कारण खरी मेख तिथे आहे. कुरेच्या पठारावर जी झाडी आहे तिला 'वाघपट्टी' म्हणता येईल. विमानातून पाहिलं तर खुरट्या झुडपांचा एक पट्टा, मग उघड्या कडक जमिनीचा पट्टा, पुन्हा झुडपं, पुन्हा उघडी जमीन, असं वाघाच्या अंगासारखं दिसतं. हे उगाच झालेलं नाही. उघड्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते वाहत जाऊन खालच्या झुडपांच्या पट्ट्यात अडतं. जितका पाऊस पडतो त्याहून बरंच जास्त पाणी त्या झुडपांना असं मिळतं. म्हणजे निसर्गानेच केलेलं पाणलोटाचं काम. पण झुडपं तोडली, की पाणी अडवणारंच कुणी राहत नाही, आणि पट्टा पुन्हा सहजासहजी उभा राहत नाही.

पावसाळ्यात जिराफ या पठारावर असतात. कोरडा काळ सुरू झाला, की ते खाली दालोल बोसो नावाच्या खोऱ्यात उतरतात. ही एका जुन्या, आता आटलेल्या नदीची रुंद दरी आहे. पाणी वर दिसत नाही, पण जमिनीखाली फार खोल नाही. आणि तिथे एक उलट्या डोक्याचं झाड आहे. हौसा भाषेत त्याला गाओ म्हणतात, बाभळीच्या नात्यातलं. हे झाड भर पावसाळ्यात पानं गाळतं आणि सगळीकडे खडखडाट झाल्यावर हिरवंगार होतं. शेतकऱ्याला ते बांधावर नव्हे, थेट शेताच्या मधोमध हवं असतं, कारण पीक उभं असताना त्याची सावली पडत नाही आणि गळालेल्या पानांनी जमिनीचा कस वाढतो. म्हणून नांगराखाली जमीन आली तरी ही झाडं लोकांनी ठेवली. त्यांच्यावरच कोरड्या महिन्यांत जिराफाचं पोट चालतं. जिराफासाठी म्हणून कुणी हे झाड राखलं नव्हतं. बाजरीसाठी राखलं, आणि त्यात जिराफाचंही भागलं.

दुसरी गोष्ट म्हणजे कुरेच्या आसपास सिंह कधीच संपले आहेत. पूर्व आफ्रिकेत सिंह आणि तरस असलेल्या प्रदेशात जिराफाची निम्मी किंवा त्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्षही पाहत नाहीत. मादी पंधरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे एरवी कळप संथ वाढतो. इथे पिल्लांना शत्रू नाही, शिकारीवर बंदी आहे, खायला आहे. कळप वर्षाला सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास वाढला. एवढ्या वेगाने संख्या सहा वर्षांत दुप्पट होते. सगळे शिकारी प्राणी संपल्यामुळे एक दुर्मीळ प्राणी वाचला, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

तिसरी आणि सगळ्यात नाजूक गोष्ट, लोक. या भागात झर्मा शेतकरी आणि फुलानी पशुपालक राहतात. जिराफ त्यांना काही फुकटात परवडत नाही. काढून ठेवलेल्या चवळीवर तो ताव मारतो, आंब्याच्या झाडांवर तर त्याचा विशेष लोभ, आणि पाच मीटर उंचीच्या जनावराला कुंपण काय करणार! गाओच्या ज्या फांद्या फुलानी आपल्या शेळ्यांसाठी छाटतात, त्यांवर त्याचाही डोळा असतो. तरीही लोकांनी त्याला मारलं नाही. एक कारण म्हणजे १९९० च्या दशकापासून इथे काम करणाऱ्या संस्थांनी, त्यांत नायजरचे जिराफ वाचवण्यासाठीच उभी राहिलेली एक संघटनाही आहे, फक्त 'मारू नका' असं सांगितलं नाही. गावांत विहिरी, छोटी कर्जं, झाडं लावण्याची कामं झाली. नियामेहून शनिवार-रविवारी गाड्या भरून लोक जिराफ बघायला यायचे. प्रवेश शुल्क, वाटाड्याची मजुरी असे पैसे गावात फिरायचे. जिराफ पायी जाऊन, कुंपणाविना, बाजरीच्या शेतात उभा दिसतो, अशी जागा आफ्रिकेत दुर्मीळच.

मोजणीचं थोडं सांगायला हवं, कारण आकड्यावर विश्वास का ठेवायचा हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक जिराफाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि जन्मभर बदलत नाही, आपल्या बोटाच्या ठशांसारखी. त्यामुळे इथे अंदाज बांधावा लागत नाही. फोटो काढायचे, जुन्या फोटोंशी जुळवायचे, आणि जुळला नाही तो नवा. अशी मोजदाद वर्षानुवर्षं चालू आहे. २०१८ च्या सुमारास आकडा ६०० च्या वर गेला. त्याच वर्षी आययूसीएन या, धोक्यातल्या प्राण्यांची यादी ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने या उपजातीचा दर्जा 'संकटग्रस्त' वरून 'असुरक्षित' असा बदलला. शब्द गोंधळात टाकणारे आहेत, पण यादीत ही एक पायरी वर चढणं असतं. २०२५ मध्ये याच संस्थेने जिराफ एकच नसून त्याच्या चार स्वतंत्र जाती आहेत हे मान्य केलं. नायजरचा जिराफ त्यांतल्या 'उत्तरी जिराफ' या जातीत मोडतो, आणि ही जात चौघींत सगळ्यात कमी, साऱ्या आफ्रिकेत मिळून सुमारे सात हजार. म्हणजे सहाशे हा आकडा सुटा पाहिला तर छोटा, पण त्या हिशेबात मोठा.

आता दुसरा प्राणी.

ॲडॅक्स हा कुरंग आहे, काळविटाच्या लांबच्या नात्यातला. शिंगं तशीच पिळाची, पण नर-मादी दोघांनाही. अंगाने मात्र गाईच्या वासरासारखा जाडजूड, पाय आखूड. वाळवंटात राहावं तर याने. खूर रुंद आणि पसरट, त्यामुळे वाळूत रुतत नाहीत. उन्हाळ्यात अंग जवळपास पांढरं होतं, म्हणजे ऊन परतवून लावतं. हिवाळ्यात तोच करडा-तपकिरी. पाणी प्यायला मिळालं नाही तरी महिनोन्महिने गवत आणि झुडपांतल्या ओलाव्यावर भागवतो. पाऊस कुठे पडला याचा माग काढत शेकडो किलोमीटर भटकतो.

एवढं सगळं जमलेल्या या प्राण्याला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे वेगात पळणं. वाळवंटात तशी गरजही नव्हती; तिथे त्याचा पाठलाग करणारं होतंच कोण? जीपगाडी आली आणि सगळं बदललं. उघड्या वाळूत लपायला जागा नाही, गाडीशी स्पर्धा नाही. साऱ्या सहारातून ॲडॅक्स हटत गेला आणि त्याचा शेवटचा खात्रीचा आसरा उरला तो नायजरच्या पूर्वेकडचा तेर्मित डोंगर आणि तिन-तुमाचं वाळवंट.

२०१२ मध्ये नायजर सरकारने इथे राखीव क्षेत्र जाहीर केलं. आकार महाराष्ट्राच्या जवळपास एक तृतीयांश, आफ्रिकेतल्या सर्वात मोठ्या राखीव क्षेत्रांपैकी एक. नकाशावर पाहिलं तर मन भरून येतं. पण त्याच्या आधीच, २००८ साली, लगतच्या आगादेम भागातलं तेल काढण्याचा करार चीनच्या सरकारी तेल कंपनीशी झाला होता. तेल आलं तसे रस्ते आले, मालमोटारी आल्या, आणि त्या ओसाड मुलखात तेलाच्या कामाला संरक्षण म्हणून सैनिक आले. त्यातच २०११ मध्ये शेजारच्या लिबियात गद्दाफींची राजवट कोसळली आणि तिथली शस्त्रं, दणकट गाड्या, सशस्त्र टोळ्या सीमा ओलांडून दक्षिणेला सांडल्या. ॲडॅक्ससाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

मार्च २०१६ मध्ये संशोधकांनी विमानातून आणि जमिनीवरून त्याचा मुलूख पिंजून काढला. तीन ॲडॅक्स दिसले. तीन. २०१० च्या सुमारास हाच अंदाज दोनशेच्या घरात होता. त्या वर्षी आययूसीएनने जाहीरपणे जी कारणं सांगितली, त्यांत तेल-कामाबरोबर आलेल्या सैनिकांनीच केलेल्या शिकारीचाही उल्लेख होता. ज्यांच्या हाती बंदूक रक्षणासाठी दिली, ती कशाच्या रक्षणासाठी होती, एवढाच हा प्रश्न आहे. ती तेलाच्या रक्षणासाठी होती.

इथे मोजणीतला फरकही ध्यानात घ्यावा लागतो. जिराफ ओळखीने मोजता येतात. ॲडॅक्स एवढ्या अफाट वाळवंटात विरळ पसरलेले असतात, की विमान ठरावीक रेषांवरून उडवतात, जेवढे दिसतील तेवढे टिपतात आणि बाकीचा हिशेब आकडेशास्त्राने करतात. त्यामुळे तीन दिसले म्हणजे तीनच आहेत असं नाही. पण शेकड्यांनी असते तर तीन दिसले नसते.

२०१९ मध्ये राखीव क्षेत्राच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. तेल असलेला मोठा भाग, जवळपास निम्मा, बाहेर पडला. बदल्यात दुसरीकडची जमीन जोडली. क्षेत्रफळाची बेरीज पाहिली तर फार काही हललं नाही असं वाटेल, पण वगळलेल्या भागात ॲडॅक्सचा मुलूख होता. प्राण्याला चौरस किलोमीटर नको असतात, त्याची जागा हवी असते. आपल्याकडच्या माळढोक अभयारण्याची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. सोलापूर-नगरकडचं ते अभयारण्य मूळ कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, त्यात गावंच्या गावं होती. पुढे ते हजार-बाराशेवर आलं. माळढोक मात्र आधीच्या मोठ्या आकड्यातही कमी होत होता आणि नंतरच्या छोट्यातही.

नायजरमधली बाकीची मंडळी थोडक्यात. डामा हा लांब मानेचा, तांबूस-पांढरा हरणासारखा प्राणी. जगभरात रानात तीनशेच्या आत उरलाय, तो तेर्मित आणि आयरच्या आसऱ्याला आणि शेजारच्या चाडमध्ये. आयर-तेनेरे हा भाग १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि पुढच्याच वर्षी 'धोक्यातला वारसा' ठरला. सहाराचा चित्ता क्वचित एखाद्या कॅमेऱ्यात रात्री उमटतो. दक्षिणेला नायजर नदी इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी वळणं घेते, तिथल्या उद्यानाचं नावच 'डब्ल्यू'. ते बेनिन आणि बुर्किना फासोतल्या जंगलांना जोडलेलं आहे. २०१४ मधल्या एका अभ्यासानुसार साऱ्या पश्चिम आफ्रिकेत सुमारे चारशे सिंह होते, आणि त्यांतले बहुतेक सगळे या सलग जंगलात. गेल्या काही वर्षांत तिथे जिहादी गटांचा वावर वाढला आणि वनरक्षकांचं काम जिवावरचं झालं.

तीच झळ कुरेलाही बसली. ९ ऑगस्ट २०२० रोजी जिराफ पाहायला गेलेल्या सहा फ्रेंच मदत कार्यकर्त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या दोन नायजरवासीयांना बंदूकधाऱ्यांनी ठार केलं. पर्यटक येणं थांबलं. २०२३ च्या जुलैमध्ये लष्कराने सत्ता घेतली, त्यानंतर बाहेरून येणारा पैसा आणखी आटला. जिराफ असल्याने गावात येणारे पैसे बंद, पण चवळी आणि आंबे खाणं चालूच. नियामेला सरपण हवंच असतं, आणि ते वाघपट्टीतून तोडून येतं. १९९६ मध्ये नायजरची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास होती, आज अडीच कोटींच्या वर आहे. जिराफही बारा पट झाले, माणसंही अडीच पट, जमीन तेवढीच. कुरेच्या यशाचा दाखला देणारे लेख इथपर्यंत सहसा येत नाहीत.

शिवाय आजचे सगळे जिराफ ४९ पूर्वजांची लेकरं आहेत. जवळच्या नात्यात संतती होत राहिली की एखाद्या रोगापुढे सगळेच सारखे कमकुवत ठरू शकतात. आणि सगळे एकाच ठिकाणी होते, म्हणजे एखादी साथ किंवा एखादं युद्ध पुरे. म्हणून २०१८ मध्ये आठ जिराफ कुरेहून सुमारे आठशे किलोमीटर पूर्वेला, मारादी प्रांतातल्या गदाबेजी राखीव क्षेत्रात नेले. जिराफाला भूल देणं हेच मोठं जोखमीचं काम. एवढ्या लांब मानेत रक्त चढवणारा दाब प्रचंड असतो. पडला तर मान मोडते आणि जास्त वेळ आडवा राहिला तर जीव जातो. त्यामुळे भुलेने पाडल्यावर लगेच उतारा देऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून, दोरांनी हाताळावं लागतं. मग काही आठवडे आवारात ठेवून गाडीची सवय लावली आणि उंच कठड्यांच्या मालमोटारीतून दूरचा प्रवास झाला. गदाबेजीत सुमारे पन्नास वर्षांनी जिराफ दिसला. हौसा लोकांच्या भाषेत त्याचं नाव अजून होतंच: राकुमिन दाजी, रानातला उंट.

ॲडॅक्सचं गणित बरोबर उलटं आहे. जिराफाच्या या उपजातीचा जगातल्या संग्रहालयांत एकही नमुना सापडला नव्हता. ॲडॅक्स मात्र संग्रहालयांत आणि खासगी कुरणांत हजारोंनी आहेत, अगदी अमेरिकेतल्या टेक्सासमध्येही. ट्युनिशिया आणि मोरोक्कोत कुंपणातल्या राखीव जागी सोडलेत. चाडमध्ये २०२० पासून मोकळ्या वाळवंटात सोडायला सुरुवात झाली, जिथे त्याआधी ओरिक्स हा तलवारीसारख्या बाकदार शिंगांचा कुरंग सोडला होता. रानातून नामशेष ठरलेल्या त्या ओरिक्सचा दर्जा २०२३ मध्ये सुधारलाही. चाडच्या त्या भागात पशुपालकांशी बोलून, गाड्यांवर लक्ष ठेवून, आधी कुंपणात सवय लावून प्राणी बाहेर काढले गेले. तेर्मितमध्येही प्राणी आणून सोडणं अवघड नाही, प्राणी उपलब्ध आहेत. अडचण एवढीच, की त्या वाळूवर आज जीपगाडी कुणाची आहे आणि तिच्यात बसलेल्याला ॲडॅक्स जिवंत राहण्यात काही रस आहे का, याचं उत्तर विमानातून मिळत नाही.